दीपाजी राणे आणि सत्तरीच्या देण्याचा हिशेब

२६ जानेवारी हा दिवस प्रजासत्ताक दिन म्हणून देशभर साजरा होतो. सत्तरीत मात्र या तारखेला आणखी एक अर्थ आहे. भारत प्रजासत्ताक होण्याच्या ९८ वर्षे आधी, २६ जानेवारी १८५२ रोजी, दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला पोर्तुगिजांच्या हातून हिसकावून घेतला आणि तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या सशस्त्र संघर्षाला तोंड फुटले. गोव्यात राण्यांची बंडे अनेक झाली. पण सरकारला तडजोडीच्या आसनावर बसवणारा बंडखोर म्हणून लोकस्मृतीत दीपाजींचे स्थान वेगळे आहे.

पराक्रमाच्या कथा सांगताना त्या बंडाच्या मुळाशी असलेला रोकडा प्रश्न बहुधा मागे पडतो. वर्षाकाठी किती द्यायचे, ते कोणाला द्यायचे, त्याच्या मोबदल्यात काय मिळायचे आणि ही रक्कम ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असा तो प्रश्न होता. दीपाजींचे चरित्र या प्रश्नाच्या अंगाने वाचले, तर ते एका शूर सरदाराची कथा राहतेच. शिवाय एका खास प्रदेशाने आपल्या देण्याचा मागितलेला हिशेबही ठरते.

साखळीचे घराणे

राणे मूळचे राजपुतान्यातले, अशी घराण्याची परंपरा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी स्थिरावल्यावर त्यांनी सत्तरीच्या रानमुलखावर आपला जम बसवला आणि वाळवंटीच्या काठावरची साखळी हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. साखळीजवळच्या कारापूर येथील विठ्ठलाचे देवालय आजही या घराण्याची आठवण सांगते. घाटावरून उतरणारा माल, डिचोलीची बाजारपेठ आणि म्हादईच्या खोऱ्यातील गावे या सर्वांवर नजर ठेवता येईल अशी ही जागा होती.

सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात राण्यांकडे सत्तरीची सरदेसाई होती. सरदेसाई म्हणजे नुसता मान नव्हे, ते एक काम होते. गावांचा वसूल गोळा करणे, त्यातला ठरलेला भाग वरच्या सत्तेकडे पोहोचवणे, शिबंदी बाळगणे, घाटवाटा राखणे, चोरदरोडेखोरांपासून मुलखाचा बचाव करणे आणि गावागावांतील तंटे मिटवणे, ही त्या कामाची अंगे. या चाकरीबद्दल काही गावांचा महसूल राण्यांना मोकासा म्हणून तोडून दिलेला असे. मोकासा हा वेतनाचाच एक प्रकार होता. राज्याने रोख पगार द्यायचा नाही, त्याऐवजी गावाचे उत्पन्न नेमून द्यायचे आणि घेणाऱ्याने त्या उत्पन्नावर माणसे पोसून सेवा करायची, अशी ती व्यवस्था. त्यामुळे सत्तरीत देणे आणि सेवा यांची गाठ प्रत्यक्ष दिसत असे. शेतकरी ज्याला धान्याचा वाटा देई, त्याचाच माणूस रात्री घाटावर पहारा करी.

ही व्यवस्था आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही. कुळाला आपला वाटा ठरवताना फारसा शब्द नव्हता आणि दांडग्या मोकासदाराविरुद्ध दाद मागायची सोय त्याहून कमी होती. तथापि दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला एक रूढ दर होता आणि तो मोडला तर बोभाटा होई. दीपाजींना जन्मजात मिळाला तो हा वारसा होता.

काबिजादी जुन्या आणि नव्या

दीपाजींचा लढा समजण्यासाठी गोव्याची महसुली घडण ध्यानात घ्यावी लागते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. तेथे गावकऱ्या होत्या, म्हणजे ज्यांना पुढे कोमुनिदाद म्हटले गेले त्या ग्रामसंस्था. गावाची शेतजमीन सामाईक असे, ती ठरावीक मुदतीने पावणी करून कसायला दिली जाई आणि त्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती, मानशी, देवालय आणि गावाच्या सेवेकऱ्यांचे वेतन असा खर्च भागवला जाई. सरकारला द्यायचा वार्षिक फोर भरला की उरलेला नफा गावकरांत वाटला जाई. १५२६ मध्ये आफोन्स मेशिया याने तिसवाडीच्या गावकरांचे हक्क आणि रूढी लिहून काढणारी जी सनद तयार केली, तिने ही चौकट पोर्तुगीज राजवटीतही मान्य केली.

चौकट मान्य झाली, पण भार वाढत गेला. घोडेवराड या जुन्या पट्टीचे उदाहरण बोलके आहे. आदिलशाही अमलात घोडदळाच्या पोषणासाठी ती बसवण्यात आली. राज्य बदलले, ते घोडेही गेले. पट्टी मात्र राहिली. खुशीवराड या नावातच ती खुशीने द्यायची असल्याची खूण आहे, परंतु खुशीचे देणे दरवर्षी मागितले गेले की ते सक्तीचे होते, हा अनुभव बार्देश आणि सासष्टीच्या गावांनी घेतला. सेवा संपल्यावरही तिच्यासाठी बसवलेली पट्टी उरते, ही महसुलाच्या इतिहासातील जुनीच खोड आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा आणि दक्षिणेकडील काणकोणपर्यंतचा पट्टा अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे आला. या नव्या काबिजादी होत. १७४६ मध्ये व्हाइसराय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने डिचोली व साखळी घेतली. पेडण्यातील हळर्णचा किल्लाही त्याने त्याच मोहिमेत जिंकला आणि त्यावरूनच त्याला पुढे आलोर्नाचा मार्किश हा किताब मिळाला. तो मुलूख काही वर्षांनी सावंतांकडे परत गेला. १७८१-८२ मध्ये डिचोली, साखळी आणि सत्तरी कायमच्या पोर्तुगिजांच्या ताब्यात गेल्या, तर पेडण्याचा प्रश्न १७८८ मध्ये मिटला.

हा मुलूख घेताना पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातली रीत अवलंबली नाही. देवळे पाडली नाहीत, धर्मांतराची सक्ती केली नाही. उलट लोकांचा धर्म, रूढी आणि वतनदारांचे हक्क राखण्याचे आश्वासन दिले. सावंतांशी वाकडे आलेल्या राण्यांनी पोर्तुगिजांना साथ दिली, तीही आपले हक्क अबाधित राहतील या भरवशावर. त्यामुळे नव्या काबिजादी हा गोव्यात कायमचा एक वेगळा कारभार असलेला प्रदेश झाला. जुन्या काबिजादींचे कायदे येथे सरसकट लागू नव्हते आणि देणी पूर्वीच्याच दराने चालावीत, अशी येथल्या लोकांची धारणा होती. राण्यांच्या दृष्टीने तो एक करार होता. पणजीच्या सचिवालयाच्या दृष्टीने ती एक सवलत होती. करार एका बाजूला मोडता येत नाही. सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. पुढच्या सगळ्या संघर्षाचे बीज या एका फरकात आहे.

करार की सवलत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोव्याचा खजिना खंगला होता. ब्रिटिश मुंबईच्या वाढीमुळे पोर्तुगीज व्यापार आटला होता, सैन्याचा आणि नोकरशाहीचा खर्च मात्र उतरला नव्हता. जुन्या काबिजादींच्या गावकऱ्यांकडून आणखी किती काढायचे याला मर्यादा होती. मग नजर वळली ती नव्या काबिजादींकडे. जमिनीवरील आकारणी वाढवणे, इनामे आणि मोकासे यांच्या सनदा तपासणे, रानावर सरकारी अंमल बसवणे असे उपाय सुरू झाले. १८५१ च्या सुमारास वनांसाठी स्वतंत्र प्रशासन उभे राहिले.

सत्तरीच्या माणसाला हे बदल कसे दिसले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. भातशेतीचे पट्टे लहान आणि डोंगरउतारावर कुमेरी करून नाचणी, वरी पिकवायची, रानातून लाकूडफाटा, शिकेकाई, मध आणायचा, गुरे चारायची, असे त्याचे अर्थकारण. रान हे त्याचे दुसरे शेत होते. तेथे सरकारी माणूस उभा राहिला आणि शेतसाराही वाढला, तर दोन्हीकडून कोंडी. या वाढीव देण्याच्या बदल्यात सत्तरीला काय मिळाले, हा प्रश्न विचारला तर उत्तर रिकामे होते. रस्ते नव्हते, शाळा आणि दवाखाने यांचे नाव नव्हते. पूर्वी पहारा आणि तंटेबखेडे पाहणारे राणे होते. त्यांचे अधिकार छाटले गेल्यावर ते काम सरकारने तितक्याच जवळिकीने हाती घेतले, असे झाले नाही. देणे वाढले आणि सेवा पातळ झाली.

राण्यांचे दुखणे याहून खोल होते. त्यांच्या सनदांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले की त्यांची मिळकत जाई, शिबंदी जाई आणि मानही जाई. म्हणून १८५२ च्या बंडात दोन तक्रारी एकत्र आल्या. एक वतनदाराची, दुसरी रयतेची. दीपाजींचे नेतृत्व असे की त्यांनी या दोन्हींना एका झेंड्याखाली आणले.

नाणूस ते तडजोड

नाणूसचा किल्ला वाळपईजवळ, म्हादईच्या परिसरात आहे. मोठ्या तटबंदीचा हा गड नव्हे. पण सत्तरीच्या आतल्या भागावर सरकारचा हात तेथून पोहोचत असे. तो घेऊन दीपाजींनी एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या. सरकारचे ठाणे मोडले आणि शस्त्रसामग्री आपल्याकडे घेतली. त्यानंतर त्यांनी समोरासमोरची लढाई टाळली. रान हा त्यांचा किल्ला झाला. वाटा ठाऊक असलेली माणसे, अचानक घातलेला छापा आणि पाठलाग होण्याआधी घाटाच्या दिशेने नाहीसे होणे, या पद्धतीपुढे कवायती फौज निष्प्रभ ठरली. बंडाची झळ सत्तरीपुरती राहिली नाही. कुंभारजुव्यासारखी व्यापारी पेठ आणि दक्षिणेकडे हेमाडबार्से, बाळ्ळी, काणकोणपर्यंतचा मुलूख तिच्या टापूत आला. दीपाजींच्या माणसांनी लूट केली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. सरकारच्या कोषात जाणारा पैसा अडवणे हा बंडाचा हेतू असला, तरी त्याची झळ पेठेतल्या सामान्य दुकानदारालाही लागली.

तेव्हा गोव्याचा गव्हर्नर होता जुझे जुआकिं जानुआरिउ लापा, व्हिला नोव्हा द ओरेंचा व्हिकोंद. १८५१ ते १८५५ ही त्याची कारकीर्द आणि तिचा बहुतेक काळ दीपाजींचा बंदोबस्त करण्यात गेला. मोहिमा निघाल्या आणि रानातून रिकाम्या हाताने परतल्या. जे बंड मोडण्यासाठी खर्च करायचा, तो भागवण्यासाठी आणखी पट्टी बसवावी लागणार आणि पट्टी बसवली की बंडाला आणखी माणसे मिळणार, असा हा पेच होता. सत्तरीतून जो काही जादा वसूल अपेक्षित होता, त्याचा हिशेब फौजेच्या खर्चापुढे केव्हाच उलटा झाला असावा.

याच काळातली एक घटना लक्ष देण्याजोगी आहे. नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढी आणि चालीरीती यांची संहिता १८५३ मध्ये मान्य झाली आणि ती पोर्तुगिजांबरोबर मराठीतही छापली गेली. विवाह, वारसा, दत्तक, कुटुंबाची मालमत्ता यांबाबत या प्रदेशाचा वेगळेपणा सरकारने कागदावर स्वीकारला. एका बाजूला रानात गोळीबार चालू असताना दुसऱ्या बाजूला छापखान्यात लोकांच्या चालीरीती जुळवल्या जात होत्या. घरातल्या रूढींना कायद्याचा मान मिळत होता. वार्षिक देणे कोणी ठरवायचे या रूढीचा प्रश्न मात्र तलवारीवर सोडलेला होता.

१८५५ मध्ये सरकारने तडजोड स्वीकारली. बंडात सामील झालेल्यांना माफी मिळाली, राण्यांचे पूर्वापार हक्क मान्य झाले आणि दीपाजींना कॅप्टनचा मानद हुद्दा व मानाची तलवार देऊन गौरवण्यात आले. ज्याच्या मागावर तीन वर्षे फौजा धावल्या, त्यालाच राज्याने आपल्या सैन्यातला मान दिला. पोर्तुगीज भारताच्या इतिहासात असे प्रसंग विरळ आहेत. बंडखोर हरला नाही आणि सरकारलाही आपण हरलो असे म्हणावे लागले नाही, अशी ती तडजोड होती.

तडजोडीत कोण नव्हते

दीपाजींच्या चरित्राचा खरा कस येथे लागतो. या तडजोडीच्या वेळी एका बाजूला सरकार होते, दुसऱ्या बाजूला राणे. ज्याच्या खळ्यावरून वाटा उचलला जाई, तो कुळवाडी, तो गावडा, तो धनगर तेथे नव्हता. सरकारची आकारणी मागे हटली तर त्याचा भार काही हलका झाला असेल. पण मोकासदाराला द्यायच्या वाट्याबद्दल त्याच्याशी कोणी बोलले नाही. वार्षिक देणे वरून लादू नये, हे तत्त्व दीपाजींनी पणजीच्या सरकारला शिकवले. तेच तत्त्व मोकाशापासून कुळापर्यंत उतरले नाही. हा दोष एकट्या दीपाजींचा नव्हे, त्या काळाचा होता. तरीही आज त्यांचा गौरव करताना तो झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही.

तडजोड टिकाऊ ठरली नाही, याचेही एक कारण बहुधा हेच. ती माणसांशी झाली होती, पद्धतीशी नाही. दर कसा ठरवावा, तो बदलायचा झाल्यास कोणाला विचारावे, वसुलाचा कोणता भाग त्याच मुलखात खर्च व्हावा, याची कायम रीत बसली नाही. मग प्रत्येक पिढीला तोच झगडा नव्याने करावा लागला. १८६९ ते १८७१ या काळात कुष्टोबा राणे यांनी रान पेटवले आणि ते मारले गेले. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी बंड केले, तेव्हा दादा राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते बंड मोडण्यासाठी लिस्बनहून राजबंधूच्या नेतृत्वाखाली फौज आली आणि दादा राण्यांना पुढे तिमोरला धाडण्यात आले. राण्यांचे शेवटचे बंड १९१२ मध्ये झाले. नाव बदलले, हत्यारे बदलली. जमिनीचे देणे आणि वतनाचा हक्क हा विषय बराचसा तोच राहिला.

मुक्तीनंतरही मोकाशाची सावली सत्तरीवरून हटली नाही. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन आपल्या नावावर नाही, ही व्यथा गावागावांत राहिली. मोकासा आणि आल्वारा यांसारख्या जुन्या सनदांवरील मालकीच्या प्रश्नावर गोवा विधानसभेला थेट २०१४ मध्ये कायदा करावा लागला. १८५५ च्या तडजोडीत ज्यांना जागा नव्हती, त्यांचा प्रश्न दीड शतकानंतरही उभा होता, हेच त्यातून दिसते.

आजच्या करदात्यासाठी

आज साखळीत नगरपालिका आहे, सत्तरीच्या गावांत पंचायती आहेत. १९६८ चा नगरपालिका कायदा आणि १९९४ चा पंचायत राज कायदा यांनी स्थानिक कर आणि शुल्क बसवण्याचे अधिकार लोकनियुक्त संस्थांना दिले. घरपट्टी असो, कचरा उचलण्याचे शुल्क असो की दुकानाच्या परवान्याची वार्षिक फी असो, ती ठरवणारी माणसे आपणच निवडतो आणि पंचायतीच्या जमाखर्चावर ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारू शकतो. दीपाजींच्या काळातल्या कुळवाड्याला हे स्वप्नातही मिळाले नसते.

आणि तरीही ग्रामसभेत अंदाजपत्रकाचा विषय आला की खुर्च्या रिकाम्या होतात. दर वाढला की चौकात कुरकुर होते. दर ठरत असताना सभागृहात मात्र चारच माणसे असतात. घोडे गेल्यावरही घोडेवराड चालू राहिले, ते कोणी विचारले नाही म्हणून. शुल्क कोणत्या सेवेसाठी आहे, ती सेवा मिळते का, जमा झालेली रक्कम त्याच कामाला लागते का, हे तीन प्रश्न दरवर्षी विचारले गेले तरच आकारणी न्याय्य राहते. सेवेचा खर्च खरोखर वाढला असेल तर जास्त देण्याची तयारीही त्याच सभेत दाखवावी लागते. कारण फुकटची सेवा कोणीतरी दुसरा भरत असतो.

दीपाजी राणे यांनी हे प्रश्न विचारण्यासाठी बंदूक उचलली, कारण त्यांच्यापुढे दुसरे दार उघडे नव्हते. त्यांच्या लढ्याने सत्तरीच्या वेगळेपणाची दखल सरकारला घ्यायला लावली आणि जनतेच्या संमतीवाचून लादलेले देणे महागात पडते, हे गोव्याच्या इतिहासात नोंदवून ठेवले. त्यांनी अर्ध्यावर सोडलेला भाग, म्हणजे खळ्यावर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही दर ठरवताना शब्द असावा हा भाग, आता ग्रामसभेच्या हाती आहे. तेथे जायला रान तुडवावे लागत नाही. सभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागलेली असते.